स्क्रिप्ट चालली, एरर नाही, पण बेरजा गेल्या: ओपनपायएक्सेलच्या नेहमीच्या दुखण्यावर काय बघायचं

दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला माझा फोन वाजतो. दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, आणि बिलाची एक्सेल फाइल ज्या पायथन स्क्रिप्टने भरली जाते ती मी लिहिलेली आहे. एका संकलन केंद्रासाठी लिहिली होती. मग शेजारच्या दोन केंद्रांनी मागून नेली. पुढे एका सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी आणि एका क्लासच्या फीच्या हिशेबासाठी तिचीच भावंडं तयार झाली. माणसं वेगळी, फाइली वेगळ्या, तक्रार मात्र एकच: "काल बरोबर होतं, आज बेरीजच दिसत नाही."

या सगळ्या स्क्रिप्ट ओपनपायएक्सेल ही पायथनची लायब्ररी वापरतात. मशीनवर एक्सेल नसलं तरी ती एक्सेलची फाइल वाचते, बदलते आणि परत लिहिते. फुकट आहे आणि चांगली आहे, पण तिचे स्वभाव माहीत नसले तर गोत्यात आणते. कोडमधले शब्द मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं असेल तर पुढे वाचा:

- बेरजेच्या सेलमध्ये शून्य किंवा काहीच दिसत नाही. किंवा तुमच्याकडे आकडे दिसतात, पण ज्यांना फाइल पाठवली त्यांना दिसत नाहीत.
- पायथनमधून बेरीज वाचायला गेलं की आकड्याऐवजी 'नन' (पायथनच्या भाषेत 'काहीच नाही') मिळतं, किंवा फॉर्म्युलाच अक्षरशः समोर येतो.
- लिटर बदलले तरी रक्कम बदलत नाही.
- नवी नोंद टाकली म्हणून स्क्रिप्ट सांगते, पण शीटमध्ये ती सापडत नाही.
- 'बॅडझिपफाइल' किंवा 'परमिशनएरर' अशी एरर.
- नाव यादीत डोळ्यांना दिसतंय, पण स्क्रिप्ट म्हणते सापडलं नाही.
- ड्रॉपडाउन, बटणं, चौकोनात लिहिलेल्या सूचना गायब.

काहीही करायच्या आधी मूळ फाइलची प्रत काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. या लायब्ररीचं 'सेव्ह' त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून टाकतं. "आधीच आहे, बदलू का?" असं ती विचारत नाही.

आता मुळातली एक गोष्ट, कारण निम्मी दुखणी तिच्यातूनच येतात. सेलमध्ये फॉर्म्युला असेल तर एक्सेल फाइलमध्ये दोन गोष्टी ठेवतं: फॉर्म्युला, आणि त्याचं शेवटचं काढलेलं उत्तर. ओपनपायएक्सेल गणित करत नाही. ती कारकून आहे. लिहिलेलं वाचते, सांगितलेलं लिहिते. फॉर्म्युला परत लिहिताना त्याचं जुनं उत्तर ती सोबत लिहीत नाही. म्हणून तिने सेव्ह केलेल्या फाइलमध्ये फॉर्म्युले असतात, उत्तरं नसतात. ती उत्तरं कुणीतरी गणित येणाऱ्याने, म्हणजे एक्सेलने किंवा लिबरऑफिसने, फाइल उघडून काढावी लागतात. हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

१. वरची पिवळी पट्टी

सगळ्यात स्वस्त तपासणी. मेलने किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल एक्सेल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडतं आणि वर पिवळी पट्टी दाखवतं. त्या अवस्थेत एक्सेल गणित करत नाही, आणि आपल्या फाइलमध्ये तर उत्तरंच नाहीत. मग बेरजेच्या जागी शून्य किंवा रिकामं. 'एनेबल एडिटिंग' दाबलं की आकडे येतात.

मोबाइलवरचे बरेच प्रीव्ह्यूसुद्धा गणित करत नाहीत. "फोनवर शून्य दिसतंय" असा निरोप आला की मी आधी विचारतो, कॉम्प्युटरवर उघडून बघितलं का? माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी बरेच इथेच संपतात. वारंवार पाठवायची फाइल असेल तर पाठवण्याआधी एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करा, नाहीतर सरळ पीडीएफ पाठवा.

२. गणित हाताने करण्यावर ठेवलंय का

एक्सेलमध्ये 'फॉर्म्युलाज' टॅबमध्ये 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' आहे. तिथे 'मॅन्युअल' असेल तर एफ ९ दाबल्याशिवाय आकडे बदलत नाहीत. गंमत अशी की हे सेटिंग त्या बैठकीत पहिल्यांदा उघडलेल्या फाइलवरून ठरतं. म्हणजे कुणी सकाळी दुसरीच 'मॅन्युअल'वाली फाइल उघडून ठेवली असेल, तर तुमची चांगली फाइलही गप्प बसते. 'ऑटोमॅटिक' करा.

स्क्रिप्टमध्येही एक ओळ टाकता येते: वर्कबुकच्या 'कॅल्क्युलेशन'मधलं 'फुलकॅल्कऑनलोड' हे 'ट्रू' करायचं. मग एक्सेल फाइल उघडतानाच सगळं नव्याने मोजतं. मी ती ओळ आता सगळीकडे टाकतो.

३. फाइल खरंच त्या जातीची आहे का

'बॅडझिपफाइल' ही एरर बघून लोक गोंधळतात: "मी झिप कुठे दिली?" दिलीत. एक्सेल २००७ पासूनची .एक्सएलएसएक्स फाइल ही आतून झिपच असते, एक्सएमएल फायलींचं गाठोडं. ती नोटपॅडमध्ये उघडलीत तर पुढचं सगळं अगम्य असतं, पण पहिली दोन अक्षरं रोमन 'पी' आणि 'के' दिसली पाहिजेत. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं. ती नसतील तर शक्यता तीन.

फाइल जुन्या .एक्सएलएस जातीची आहे आणि कुणीतरी फक्त नाव बदललंय. ओपनपायएक्सेल ही जात वाचतच नाही. एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करा, किंवा वाचण्यापुरती एक्सएलआरडी ही वेगळी लायब्ररी वापरा. (उलट चूकही होते: डिसेंबर २०२०च्या २.० आवृत्तीपासून एक्सएलआरडी फक्त जुनी जात वाचते.) दुसरी शक्यता, एखाद्या सॉफ्टवेअरच्या 'एक्सपोर्ट टू एक्सेल'ने एचटीएमएल किंवा सीएसव्ही काढून तिला एक्सेलचं नाव दिलंय. नोटपॅडमध्ये उघडलीत की लगेच कळतं. तिसरी, फाइलला उघडण्याचा पासवर्ड आहे. पासवर्ड घातला की बाहेरचं वेष्टन झिपचं राहत नाही.

४. फाइल दुसरीकडे उघडी आहे का

विंडोजवर एक्सेलमध्ये फाइल उघडी असताना तिच्यावर सेव्ह करायला गेलं की 'परमिशनएरर'. बंद करा, परत चालवा. केंद्रावर दोन कॉम्प्युटर असतील तर दुसऱ्यावरही बघा.

याची एक चोरटी बहीण आहे. फाइल उघडी असताना एक्सेल त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली छोटी फाइल ठेवतं. तिचं नाव लहरी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं आणि शेपूट .एक्सएलएसएक्सच असतं. तुमची स्क्रिप्ट फोल्डरमधल्या सगळ्या एक्सेल फायली घेत असेल तर हीही उचलते आणि आपटते. मग "दहापैकी नऊ फायली झाल्या, दहावी कुठली तेच कळत नाही" असा फोन येतो. त्या दोन चिन्हांनी सुरू होणारी नावं स्क्रिप्टमध्ये वगळा.

५. कुठल्या शीटवर काम चाललंय

बहुतेक ट्यूटोरियलमध्ये 'डब्ल्यूबी डॉट ॲक्टिव्ह' असं लिहिलेलं असतं. नवखे समजतात की ही पहिली शीट. तसं नाही. शेवटच्या माणसाने सेव्ह करताना जी शीट समोर होती ती. सकाळच्या संकलनाचं दूध संध्याकाळच्या शीटवर चढलेलं मी पाहिलंय, कारण आदल्या दिवशी कुणीतरी संध्याकाळची शीट बघत बघत सेव्ह करून गेलं होतं. शीट नेहमी नावाने घ्या.

६. नाव दिसतंय पण जुळत नाही

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर हे मिळत नाही.

पहिला संशयित शेवटची मोकळी जागा: 'लिटर' आणि 'लिटर ' हे पायथनला दोन वेगळे शब्द. कडेच्या मोकळ्या जागा काढणारं 'स्ट्रिप' लावलं की प्रश्न मिटतो.

दुसरा खास आपला. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र, चंद्रकोरीसारखा, दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड खालचा टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरतात. काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथनला मात्र ती वेगळी अक्षरं. केंद्रावरच्या मुलाने कॉम्प्युटरवर टाइप केलेलं गाव आणि मालकांनी फोनवर टाइप केलेलं गाव म्हणून जुळत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी पद्धत, लावून हे सुटेल असं मला वाटलं होतं. सुटत नाही, कारण ते जोडचिन्ह एनएफसीत तसंच राहतं. तुलना करण्याआधी साधा 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे हा तिहेरी संच 'ऱ' आणि हलन्त याने बदला, मग एनएफसी लावा, मग तुलना करा.

तिसरा: शीटमध्ये छान मराठी दिसतं, पायथनमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. तिथे मराठी फक्त फाँटच्या चित्रात असतं, सेलमध्ये नसतं. त्या फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय इलाज नाही, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

माझा कायमचा सल्ला: नावावरून जुळवूच नका. प्रत्येक उत्पादकाला कोड नंबर असतोच, त्यावरून जुळवा. सूर्यवंशीचा पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ, यावर कुणाचं बिल अडकू नये.

७. आकडा की आकड्यासारखा दिसणारा मजकूर

सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल तर तो बहुधा मजकूर म्हणून ठेवलेला आकडा असतो. एक्सेलची 'सम' त्याला मोजत नाही, आणि तक्रारही करत नाही. पायथनमध्ये सेलच्या मूल्याचा 'टाइप' छापून बघा.

तारखांचं याहून वाईट. कॉम्प्युटरचं रीजन सेटिंग अमेरिकेचं राहिलेलं असेल तर ०५/११/२०२४ असं टाइप केलेलं एक्सेल ११ मे समजतं. १३/११/२०२४ मात्र त्याला समजत नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ते मजकूर म्हणून ठेवतं. एकाच रकान्यात महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांच्या तारखा उलट्या आणि पुढच्या मजकूर. पायथनमध्ये काही सेल 'डेटटाइम' आणि काही 'स्ट्रिंग' आल्या की समजा हेच आहे. इथे फक्त मजकूरवाल्या तारखा दुरुस्त करू नका, उलट्या झालेल्या तशाच राहतील. आधी रीजन बदला, मग तो रकाना मूळ वहीवरून पुन्हा भरा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही.

बँक खाते क्रमांक कायम मजकूर म्हणूनच लिहा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. स्क्रिप्टने आकडा म्हणून सगळे १६ अंक बरोबर लिहिले तरी एक्सेलमध्ये शेवटी शून्यच दिसतं. सुरुवातीची शून्यंही अशीच उडतात.

८. 'डेटा_ओन्ली' आणि माझी चूक

फाइल उघडताना 'लोड_वर्कबुक'ला 'डेटा_ओन्ली' हा पर्याय देता येतो. काही दिलं नाही तर फॉर्म्युला असलेल्या सेलमधून फॉर्म्युला मिळतो. 'ट्रू' दिलं तर एक्सेलने ठेवलेलं शेवटचं उत्तर मिळतं. आकड्याऐवजी बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर येत असेल तर हा पर्याय राहिलाय, एवढंच.

खरा सापळा पुढे आहे. 'ट्रू' देऊन उघडलेल्या फाइलमध्ये लायब्ररीच्या लेखी फॉर्म्युले नसतातच, फक्त आकडे असतात. तीच फाइल सेव्ह केली की सगळे फॉर्म्युले कायमचे गेले आणि त्यांच्या जागी त्या दिवशीचे आकडे गोठले. एरर नाही, इशारा नाही. फाइल उघडलीत तर सगळं ठीक दिसतं.

हे मी स्वतः केलंय. प्रत्येक उत्पादकाला बिलाच्या रकमेचा मेसेज जावा म्हणून मी बिलाची फाइल 'डेटा_ओन्ली'ने उघडत होतो. नुसती वाचत होतो, तोवर बिघडण्यासारखं काही नव्हतं. मग केंद्राचे मालक म्हणाले, कुणाला मेसेज गेला त्याची खूण शीटमध्येच करा. मी दोन ओळी वाढवल्या: रकान्यात 'गेला' लिहायचं आणि सेव्ह. त्या बिलाला काहीच कळलं नाही. पुढच्या दहा दिवसांत नवे लिटर, नवी फॅट, नवं एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरलं गेलं आणि रकमा जुन्याच राहिल्या. शंभरावर लोकांच्या रकमा चुकल्या, पण बहुतेकांचं दूध रोज साधारण तेवढंच असतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं ते ज्यांची म्हैस आटली होती अशा एका मावशींनी. "दूध घातलंच नाही, तर पैसे कशाचे?" असं विचारायला त्या स्वतः आल्या. त्या गप्प बसल्या असत्या तर आणखी एक बिल गेलं असतं.

उपाय साधा आहे. वाचायला आणि लिहायला फाइल दोनदा वेगवेगळी उघडा. 'डेटा_ओन्ली'वालीवर सेव्ह कधीच बोलवू नका. वर एक पहारेकरीही ठेवा: सेव्ह करण्याआधी बिलाच्या शीटमधल्या ज्या सेलचा 'डेटा_टाइप' 'एफ' आहे, म्हणजे ज्यात फॉर्म्युला आहे, त्या मोजा. संख्या शून्य आली, किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा कमी आली, तर स्क्रिप्टने सेव्ह न करता थांबायचं. पाच-सहा ओळींचं काम आहे. त्या दिवसानंतर ते माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आहे.

फॉर्म्युले आधीच गेले असतील तर ही लायब्ररी ते परत आणू शकत नाही. जुनी प्रत शोधा. फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर असेल तर तिच्या जुन्या आवृत्त्या बघा.

९. लगेच वाचलं की 'नन'

स्क्रिप्ट लिटर भरते, सेव्ह करते आणि त्याच दमात 'डेटा_ओन्ली'ने फाइल परत उघडून बेरीज वाचते. मिळतं 'नन'. सुरुवातीला सांगितलं तेच कारण: मधे कुणी गणित केलेलंच नाही.

दोन वाटा आहेत. पहिली, बेरीज पायथनमध्येच करा. गणित साधं असेल तर हीच बरी. फक्त एक ध्यानात ठेवा: पायथनचा 'राउंड' २.५ चे २ करतो, एक्सेलचा ३ करतो. पायथन अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. शीटमध्ये एक रक्कम आणि मेसेजमध्ये रुपयाने कमी, असा घोळ यातूनच होतो, आणि रुपयाचा फरक माणसं बरोबर पकडतात. 'डेसिमल' वापरून 'राउंड_हाफ_अप' सांगा.

दुसरी वाट, लिबरऑफिसला पडद्यामागून कामाला लावा. 'सॉफिस' या कमांडला 'हेडलेस' आणि 'कन्व्हर्ट-टू' असे पर्याय दिले की ते खिडकी न उघडता फाइल वाचतं, गणित करतं आणि नवी फाइल लिहितं. ती नवी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि नुसती वाचण्यापुरती वापरा. तिला मूळ फाइल म्हणून बसवू नका. एक्सेलमधली मांडणी थोडीफार हलू शकते.

आकड्याच्या जागी '#नेम?' येत असेल तर प्रकरण वेगळं. स्क्रिप्टने फॉर्म्युला इंग्रजी नावाने आणि स्वल्पविरामांनीच लिहायला हवा. एक्सलुकअपसारख्या नव्या फंक्शनच्या नावाआधी 'अंडरस्कोर एक्सएलएफएन टिंब' लावावं लागतं.

१०. नोंद गेली कुठे

'अपेंड' नवी ओळ शेवटच्या ओळीखाली टाकतं. पण शेवटची कुठली? कुणी हौसेने ५०० ओळींपर्यंत चौकटी आखून ठेवल्या असतील तर त्या रिकाम्या सेलही फाइलमध्ये असतात, आणि तुमची नोंद ५०१ वर जाते. कंट्रोल आणि एंड दाबून बघा, सापडेल. स्क्रिप्टमध्ये कोड नंबरच्या रकान्यातली खरी भरलेली शेवटची ओळ शोधा आणि तिच्याखाली लिहा.

मधे ओळ घालणारं 'इन्सर्ट_रोज' मी वापरत नाही. ते सेल खाली सरकवतं, पण फॉर्म्युल्यांमधले पत्ते बदलत नाही. ओळ १२० पर्यंतची बेरीज १२० पर्यंतच राहते, आणि खाली सरकलेला फॉर्म्युला जुन्याच ओळीकडे बोट दाखवतो, म्हणजे एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर. 'डिलीट_रोज'चंही तसंच. नवा उत्पादक नेहमी शेवटी घाला. क्रम हवा असेल तर एक्सेलमध्ये माणसाने लावावा.

जोडलेल्या सेल, म्हणजे 'मर्ज' केलेल्या, असतील तर मूल्य फक्त वरच्या डाव्या सेलमध्ये असतं. बाकीच्यांत लिहायला गेलं की एरर येते. मथळ्यापुरत्या ठेवा, नोंदींच्या भागात नकोत.

११. ड्रॉपडाउन, आकृत्या, मॅक्रो

फाइल उघडताना पायथन इशारा देतं की 'डेटा व्हॅलिडेशन एक्स्टेन्शन'ला आधार नाही, ते काढून टाकलं जाईल. हा इशारा खरा आहे. दुसऱ्या शीटवरून यादी घेणारे ड्रॉपडाउन बहुधा याच प्रकारात मोडतात आणि सेव्ह केल्यावर जातात. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या काही प्रकारांचंही असंच. लोक इशारे दाबून टाकायची ओळ लिहितात आणि मग विचारतात ड्रॉपडाउन कुठे गेले. शीटवर काढलेले चौकोन, बाण, मजकुराच्या पेट्याही टिकत नाहीत. चित्रं टिकायला पिलो ही लायब्ररी बसवलेली लागते. मॅक्रो असलेली .एक्सएलएसएम फाइल 'कीप_व्हीबीए' न सांगता उघडून त्याच नावाने सेव्ह केली तर एक्सेल ती उघडायलाच नकार देतं.

मी आता फाइलच दोन करतो. एक कोरडी, नुसत्या नोंदींची, जिला स्क्रिप्ट हात लावते. दुसरी सजवलेली, ड्रॉपडाउन आणि लोगोवाली, जी माणसं वापरतात आणि जी पहिलीतून आकडे घेते. दुसरीला स्क्रिप्ट शिवत नाही.

१२. गाठोडं सोडून बघणं

इथवर काही सापडलं नाही तर प्रत घ्या, तिचं शेपूट .झिप करा आणि उलगडा. 'एक्सएल' फोल्डरमध्ये 'वर्कशीट्स', त्यात प्रत्येक शीटची एक्सएमएल फाइल. एखादा फॉर्म्युला असलेला सेल शोधा. त्यात 'एफ' खुणेत फॉर्म्युला आणि 'व्ही' खुणेत उत्तर असतं. 'एफ' आहे आणि 'व्ही' रिकामी: गणित व्हायचंय, क्रमांक ९ कडे जा. 'व्ही' आहे आणि 'एफ' नाही: फॉर्म्युला गेला, क्रमांक ८. दोन्ही आहेत आणि तरी चुकतंय: स्क्रिप्टचा दोष नाही, फॉर्म्युलाच चुकीचा लिहिलाय. बघा, बदलू नका. हाताने बदलून परत झिप केलेली फाइल एक्सेलने नाकारली तर कुठे चुकलं ते शोधत बसाल.

इथे थांबा

चुकीच्या आकड्यांवरून पैसे वाटून झाले असतील तर स्क्रिप्ट बाजूला ठेवा. कोणाचे किती चुकले हे ठरवणं हिशेबनीसाचं किंवा सीएचं काम आहे. तुम्ही फाइल परस्पर दुरुस्त केलीत तर काय चुकलं होतं याचा पुरावाच जातो.

एकुलती एक प्रत असेल आणि एक्सेल ती उघडताना 'दुरुस्त करू का' विचारत असेल, तर 'हो' म्हणण्याआधी तिची प्रत काढा. दुरुस्तीनंतरही शीट गायब असतील तर डेटा परत मिळवणाऱ्या माणसाकडे जा. तोवर त्या डिस्कवर नवं काही सेव्ह करू नका.

पासवर्ड विसरलेली फाइल, दुसऱ्या फायलींशी लिंक असलेली फाइल, कुणीतरी सोडून गेलेले मॅक्रो: यांत ओपनपायएक्सेलने हात घालू नका. तिथे एक्सेल स्वतः चालवणारं साधन लागतं, एक्सएलविंग्जसारखं, आणि ते सवयीच्या प्रोग्रामरकडून करून घ्या. एकाच फाइलवर दोन-तीन माणसं आणि एक स्क्रिप्ट एकाच वेळी लिहीत असतील तर डेटाबेस करून देणारा गाठा. त्या रोगावर एक्सेलमध्ये औषध नाही.

बोलवाल त्याच्याकडे चार गोष्टी घेऊन जा: बिघडलेली फाइल, बिघडण्याआधीची प्रत, स्क्रिप्ट, आणि एररचा पूर्ण मजकूर. फक्त शेवटची ओळ नको, वरचं सगळं हवं. आणि पायथन व लायब्ररी, दोन्हींचे आवृत्ती क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून न्या. पहिला प्रश्न तोच येतो.